थ्रीडी प्रिंटर असताना व्हॅक्यूम फॉर्मिंग कशाला?

"शाळेत थ्रीडी प्रिंटर आलाय, मग प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढायचा हा जुना उद्योग मुलांना कशाला शिकवता?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते, कारण "दोन्ही हवं" एवढ्या उत्तरावर कुणाचंच समाधान होत नाही.

हाताला काम दिलं की डोकं चालतं, हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, त्याचे संस्थापक डॉ. कलबागांनी 1983 पासून करून दाखवलं. त्यावर वाद नको. पूर्वी मी वेगाचा मुद्दा पुढे करत असे. वर्गात चाळीस मुलं, मुठीएवढी वस्तू छापायला प्रिंटरला काही तास. व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये 1 मिमीची हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनची, म्हणजे सहज न तडकणाऱ्या प्लास्टिकची, शीट मिनिट-दोन मिनिटांत मऊ होते. मुद्दा खरा आहे, पण दुबळा आहे. उद्या प्रिंटर वेगवान झाले की तो संपला.

खरी शिकवण साच्यात आहे. गणपतीच्या आधी कुणीतरी साच्यासाठी मोदक करायला घेतंच. पीओपीचा सुबक मोदक, वर टोक, पोटाला फुगीर, तळाशी आत वळलेला, कळ्या खोल कोरलेल्या. हीटरखाली शीटवर आधी लाटा उठतात, मग ती ताणून सपाट होते, मग मधोमध झोळीसारखी लोंबते. तेव्हाच साचा वर आणून शीटखालची हवा ओढून घ्यायला पंप लावायचा. क्षणात शीट चिकटते, कळी न् कळी उमटते, वर्ग टाळ्या वाजवतो. आणि साचा निघत नाही. शीट फुगवट्याखाली शिरलेली असते, थंड होताना आकसते आणि मोदकाला घट्ट धरून बसते. टाल्कम पावडर लावलेली असली तरी उपयोग नाही. ठोकून होत नाही, कडा उचकटून होत नाही. शेवटी कात्रीनं शीट कापावी लागते, आणि आठवडाभर खपलेलं पोर रडवेलं होतं.

त्याच वेळी विचारायचं, घरचा मोदकाचा साचा मधून का उघडतो? उत्तर पोरच देतं. मग मोदक उभा कापून दोन अर्धे पाटावर आडवे ठेवायचे, कडेच्या कळ्या उथळ करायच्या, उभ्या भिंतींना 3 ते 5 अंशांचा उतार द्यायचा, धारा पॉलिश पेपरनं मारायच्या. हवा अडकते तिथे, म्हणजे कळ्यांच्या तळाशी, 1 मिमीची भोकं पाडायची. मोठी पाडली तर वस्तूवर पुटकुळ्या उठतात. दोन्ही अर्धे खेटून ठेवले तर मधे चुणी पडते. प्रिंटर तोच मोदक, अधांतरी भागाखाली आधार छापून, निमूटपणे करून देतो. तो मुलाला कुठे अडवतच नाही, माझा आक्षेप एवढाच आहे.

गणितही इथेच येतं. 20 × 20 सेंमीच्या चौकटीत 400 चौसेंमी शीट उघडी असते. तिच्यात 10 × 10 सेंमीचा, 5 सेंमी उंच ठोकळा शिरला की झाकायचं क्षेत्र 600 होतं. प्लास्टिक तेवढंच, म्हणून 1 मिमीची जाडी सरासरी 0.67 मिमीवर येते. माथा साच्याला आधी टेकून थंड होतो, म्हणून जाड राहतो. तळाचे कोपरे सगळ्यात पातळ. मुलं तो कोपरा उजेडात धरून बघतात, तेव्हा आकडा पटतो.

धोक्याचं म्हणाल, तर चटका बसू शकतो. हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच, आणि पीव्हीसीची शीट हीटरखाली अजिबात नको. ती करपली की हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो.

कचऱ्याच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे धड उत्तर नाही. 24 सेंमीच्या शीटमधली चौकटीखाली दबलेली पट्टी, म्हणजे 576 पैकी 176 चौसेंमी, सरळ फुकट जाते. फसलेला नग पुन्हा तापवला की जवळजवळ सपाट होतो, मुलं थक्क होतात, पण कापलेल्या मोदकाची शीट गेली ती गेलीच. सगळी कात्रणं सहा नंबर, म्हणजे पॉलिस्टायरीनचा पुनर्वापराचा क्रमांक, लिहिलेल्या पोत्यात वेगळी ठेवतो. आमचा भंगारवाला ते पोतं घेत नाही.