तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे वेळ कसा जातो?

डोंबिवलीहून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. आधी तब्येत, मग पाऊस, आणि मग हळूच, "पण खरं सांग, तिकडे वेळ कसा जातो गं तुझा?" बँकेतल्या मैत्रिणी विचारतात, भाचे-पुतणे विचारतात. इथे गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला आलेले आणि जाता जाता आमच्या ओटीवर टेकलेले लांबचे नातेवाईक तर हमखास विचारतात. विचारण्यात काळजी असते, हे कळतं मला. आजवर मी "जातो की छान" एवढंच म्हणत आले. या खेपेला नीट सांगते.

गुहागरला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. खालच्या पाटातलं, म्हणजे खालच्या वस्तीतलं, हे सासरचं घर. पुढे खळं, म्हणजे अंगण, मग ओटी, माजघर, मागे विहीर, नारळी-पोफळींचं आगर, आणि आगर संपलं की सुरूची झाडं नि समुद्र. त्याआधी बत्तीस वर्षं बँकेत, त्यातली बरीचशी डोंबिवली ते सीएसटी. त्या दिवसांत पाच मिनिटांनाही किंमत होती. मेथी गाडीत निवडून व्हायची, गुडघ्यावर पिशवी पसरून. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, मार्चअखेरचा ताळेबंद, सगळं एकमेकांत बसवताना कुठे फट म्हणून राहायची नाही. निवृत्त झाले तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल, तर त्या फटीची.

म्हणून इथे आल्याआल्या मी काय केलं, तर वेळापत्रक लावलं. सकाळी योगासनं, नऊ ते अकरा मुलांची गणिताची शिकवणी, दुपारी शिवण, चार ते सहा बचतगटाचे हिशेब. कामं चांगलीच होती, त्याबद्दल आजही पस्तावा नाही. यजमान दिवसभर आगरात असायचे, मी वहीत. फोनवर अभिमानाने सांगायचे की, अगं, मला इथे क्षणाची उसंत नाही.

शेजारच्या काकी पंचाहत्तरीच्या. मुलगा ठाण्याला, सून नोकरीची, घरात एकट्या. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या ब्लडप्रेशरची गोळी बदलली. जुनं पाकीट संपलेलं नव्हतं आणि नवं त्याच्यासारखंच दिसणारं. काकींना दोन्हींतलं नक्की कुठलं घ्यायचं ते उमगेना. विचारायला म्हणून त्या दोनदा आमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, आल्या. एकदा शिकवणी चालू होती, एकदा बचतगटाच्या बायका बसल्या होत्या. दोन्ही वेळा तशाच परत गेल्या आणि आठ दिवस दोन्ही गोळ्या घेत राहिल्या. नवव्या दिवशी विहिरीवर चक्कर येऊन पडल्या. नशिबाने कपाळावरच्या खोकेवर निभावलं.

मी त्यांच्या उशाशी बसले होते तेव्हा म्हणाल्या, "अगो, तू कामात होतीस. छोट्याशा गोष्टीसाठी कशाला उठवायची?"

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलंच नव्हतं. तेच मला फार लागलं. बँकेच्या खिडकीपलीकडे बसून मी बत्तीस वर्षं "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं होतं, तो काम करण्याचा भाग होता. पण इथे, स्वतःच्या घरी, मी पुन्हा एक खिडकी बांधून घेतली होती.

दिवाळी तोंडावर आली होती. पाऊस संपला की आमच्याकडे खळं नव्याने करतात. जमीन उकरून सारखी करायची, माती घालायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपून घट्ट करायची आणि मग शेणाने सारवायची. त्या वर्षी मी पहिल्यांदा पदर खोचून त्यात उतरले. दोन दिवस पाठ मोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर चहा घेऊन बसले तर समोर स्वच्छ, हिरवट, ओलसर खळं. त्यावर काही म्हणजे काही नाही. एवढी मेहनत घ्यायची ती मोकळी जागा राखायला, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. तिथे खुर्च्या मांडून ठेवत नाहीत, कुंड्या ओळीने लावत नाहीत. का, तर थंडीत पोफळीवरून उतरवलेली लालकेशरी सुपारी तिथेच चाळीसेक दिवस उन्हात पडायची असते. नारळाच्या झापांचे हीर काढून खराटे तिथेच वळायचे असतात. तुळशीचं लग्न तिथेच, मे महिन्यात आमसुलं तिथेच. आणि पाहुणे फार झाले की रात्रीच्या पथाऱ्याही तिथेच.

तुम्ही विचारता ना, वेळ कसा जातो? मी माझा वेळ खळ्यासारखा ठेवायला शिकते आहे. शिकवणी ठेवली, तीही आठवड्यातून तीनच दिवस. बाकीचं दुसऱ्यांकडे सोपवलं. सकाळी दहानंतर मी ओटीवर असते, बेडं उघडं असतं, आणि ते अख्ख्या पाटाला माहीत आहे.

मग कोण येत नाही? "काकू, आहात काय घरात?" अशी हाक आली की कुणाला लाइटबिलावरचा आकडा वाचून हवा असतो, कुणाला मुंबईच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून हवा असतो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची रीघ लागते. हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून देता येतो, त्यासाठी बँकेत जायला नको. पण कॅमेऱ्यासमोर पापणी लववावी लागते. वरच्या पाटातले चौऱ्याऐंशीचे आजोबा "डोळे मिटा" म्हटल्यावर हात जोडून मिटूनच बसले. आम्ही पाच वेळा केलं. सहाव्यांदा झालं, तेव्हा त्यांनी खिशातून एक अडकित्ता काढला आणि निवांत सुपारी कातरत तासभर बसले. बायको गेल्यापासून घरी कातरून द्यायला कोणी नाही आणि मागायलाही कोणी नाही, असं म्हणाले. दाखल्याचं काम दहा मिनिटांचं होतं. तो तास मात्र मी पूर्वीच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिला असता?

कोणी आलं नाही, तर नाही. मग मी नुसती बसते. तेही जमायला लागलं आहे.

समुद्राचं मात्र वेळापत्रक आहे, आणि ते मला इथल्या कोळणीने शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या. दिवसाला पाऊण तास पुढे. काटेकोर बघितलं तर पन्नासेक मिनिटं, पण फिरायला जाणाऱ्याला पाऊणपट पुरते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी ना फार चढत ना फार उतरत. आता कालनिर्णयकडे नजर टाकली तरी मनात आकडा होऊन जातो, आणि रोज फिरायची वेळ सरकत राहते. घड्याळ लावून फिरणाऱ्या मला हे सुरुवातीला अडायचं. आता ओल्या, टणक वाळूसाठी मीच वाट बघते.

थंडीत आणखी एक वाट बघणं असतं. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री आमच्या किनाऱ्यावर अंडी घालून जातात. कासवमित्र पहाटे माग काढतात, अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरतात, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. नक्की कोणत्या दिवशी ते कोणी सांगू शकत नाही. निरोप आला की उठून जायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा टोपलीतून सोडलेलं एक पिल्लू, तळहातात मावेल एवढं, लाटेकडे चाललं, लाटेने उलटं मागे टाकलं, पुन्हा सरळ झालं, पुन्हा निघालं. तिसऱ्या लाटेला दिसेनासं झालं. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५मध्ये इथे आमच्या गुहागरला अंडी घालायला आली, हे कळलं तेव्हा मी यजमानांना झोपेतून उठवून सांगितलं. अख्ख्या भारताला वळसा घालून आली असेल ती! तेव्हापासून त्या वाळूवर चालताना माझी पावलं जरा जपून पडतात.

सगळं गोडच आहे असं नाही, आणि ते सांगितलं नाही तर उत्तर अर्धवट राहील. जुलैत चार चार दिवस वीज नसते. ओटीवर बसावं तर झड आत येते, कपडे वाळत नाहीत, हाक मारायलाही कोणी येत नाही. मोठ्या तपासण्यांसाठी चिपळूण गाठावं लागतं, रात्रीबेरात्री तो घाट आठवला की पोटात गोळा येतो. मुलगी महिनोन् महिने दिसत नाही. अशा दिवसांत वेळ जात नाही, खरंच जात नाही. मग मी छत्री घेऊन काकींकडे जाते. त्या चुलीशी फणसाच्या आठळ्या भाजत असतात. फारसं बोलणं होत नाही. पावसाच्या आवाजात ऐकूही येत नाही. आठळ्या सोलून एकमेकींच्या पुढे सरकवायच्या, एवढंच. गोळ्यांचा डबा मी त्यांना वारांचा आणून दिला आहे. दर रविवारी तो आम्ही दोघी मिळून भरतो.

फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून एकदा याच. आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी, मे महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमाराला या. दुपारी बाराला भरती, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी पार आत गेलेलं असेल. समोर सूर्य बुडेल आणि मागे सुरूंच्या वर चंद्र येईल. खळ्यात रातांब्यांची सालं वाळत असतील. संध्याकाळी ती परत रसात बुडवायची असतात, अशी सहा-सात पुटं द्यावी लागतात, त्याला चार हात लागतातच. बोटं लाल होतात, पण धुतल्यावर रंग जातो. चिपळूणला एसटीत बसलात की फोन करा, मी भात टाकते.