जीआरएस अपडेट: ते तीन अंश सापडले!

मागच्या वेळी म्हटलं होतं ना, आठ दिवसांत जीआरएसचा, म्हणजे गुरूवरच्या ग्रेट रेड स्पॉट या अवाढव्य लाल वादळाचा, रेखांश तीन अंशांनी कमी आला म्हणून, तर त्याचा छडा लागला एकदाचा. डाग सिस्टिम टूमध्ये (गुरूवरचे रेखांश मोजायची एक पद्धत) महिन्याला साधारण दीड-दोन अंश पुढे सरकतोय, म्हणजे आकडा वाढायला हवा, त्याचं ते 90 दिवसांचं डोलणं धरलं तरी ते एखाद अंशाचं, मग हे तीन आले कुठून?

कॉलिमेशन (दुर्बिणीच्या आरशांची जुळवणी) परत केलं, प्रतिमा मोठी करणारी बार्लो भिंग बदलून बघितली, व्हिडिओच्या वेळेवरून रेखांश काढणाऱ्या विनजुपोस सॉफ्टवेअरमध्ये गुरूची आउटलाइन चार-चार वेळा नव्याने बसवली, आकडा तोच. शेवटी वैतागून डाग बाजूला ठेवला आणि त्याच व्हिडिओतले दक्षिणेकडचे बारके पांढरे ओव्हल, म्हणजे लंबगोल वादळं, मोजायला घेतले, तर तेही त्यांच्या नेहमीच्या चालीपेक्षा तीनच अंश मागे! एखादं वादळ भरकटेल, पण वेगळ्या पट्ट्यांतली, वेगळ्या वेगाने वाहणारी वादळं सगळी एकाच मापाने कशी सरकतील? गुरू मिनिटाला 0.6 अंश फिरतो. तीन अंश म्हणजे पाच मिनिटं. घड्याळ!

त्या रात्री आयो या गुरूच्या चंद्राची सावली गुरूच्या डिस्कवरून उतरताना रेकॉर्ड झाली होती, ते व्हिडिओ काढले, तर फाइलवरच्या वेळेनुसार सावली ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीच कडेबाहेर. लॅपटॉप जुना, आतला सेल मेलेला, गावाकडे नेट नाही, घड्याळ मागे पडत गेलं आणि रेकॉर्डिंगच्या फायरकॅप्चर सॉफ्टवेअरने तीच वेळ छापली.

वेळा दुरुस्त केल्यावर डाग बरोब्बर ड्रिफ्टच्या रेषेवर येऊन बसला, काय बरं वाटलं म्हणून सांगू. मग 90 सेकंदांचे सहा व्हिडिओ डीरोटेट करून (गुरूचं फिरणं वजा करून) एकावर एक स्टॅक केले. माझ्या आठ इंची डॉबमधून (डॉब्सोनियन दुर्बीण) डागाच्या पोटातला गडद ठिपका पहिल्यांदाच स्वच्छ आला, पश्चिमेच्या खळबळीत दोन पांढरे भोवरेसुद्धा. लांबी जेमतेम 12 अंश, म्हणजे साधारण 14,000 किलोमीटर. 1979 मध्ये व्हॉयेजर यानांना हाच डाग 23,000 च्या वर दिसला होता!

आता मिथेन फिल्टर लांबणीवर, आठ इंचात त्याच्या 889 नॅनोमीटरच्या प्रकाशात तसाही फार अंधार होतो, त्या पैशात अचूक वेळेसाठी यूएसबी जीपीएस घेतो. किंवा थांबा, लिहिता लिहिता सुचतंय, आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, मग ज्या रात्री सावली असेल त्या रात्री तिच्यावरूनच घड्याळ तपासलं तर? शनिवारी सेल बदलून गावी जातोय, दोन्ही करून बघतो.