लॉर्ड हॅरिसच्या बेलमाँटला जाताय? फेव्हरशॅमवरून चालत जाऊ नका

सगळ्यात आधी हेच सांगतो. बेलमाँट म्हणजे इंग्लंडचा जुना क्रिकेट कॅप्टन आणि मुंबईचा एकेकाळचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याचं केंटमधलं घर, आणि फेव्हरशॅम त्याच्या जवळचं स्टेशन. मला लंडनमध्ये ओळखीच्या एकाने "स्टेशनवरून पाऊण तास, सरळ रस्ता" म्हणून सांगितलं. सरळ वगैरे काही नाही, जवळपास साडेसहा किलोमीटर आहे आणि शेवटपर्यंत चढच. मी दर पावसाळ्यात गड चढतो, अंतराचं मला काही नाही, पण एम-टू मोटरवे ओलांडला आणि माझा फूटपाथच संपला, पुढे दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर झाडोऱ्याचं कुंपण, मध्ये एक गाडी कशीबशी जाईल एवढा रस्ता आणि वळणावरून गाड्या सुसाट येतात. एका गाडीचा आरसा माझ्या बाहीला घासून गेला. कुंपणात अंग चेपून उभा राहिलो, काटे जॅकेटमध्ये, बूट घोट्यापर्यंत चिखलात. लहान मुलं बरोबर असतील तर हा रस्ता अजिबात नको.

एवढं करून का गेलो, तर शाळेत हॅरिस शील्ड, म्हणजे त्याच्याच नावाची मुंबईतली शाळांची क्रिकेट स्पर्धा, खेळलोय. 1988 ला आझाद मैदानावर सचिन-कांबळीने 664 ची पार्टनरशिप केली ती हीच स्पर्धा. आमचे सर सांगायचे, मुंबईला क्रिकेट हॅरिसने दिलं. वाचून गेलात तर हे टिकत नाही. तो गव्हर्नर म्हणून आला 1890 च्या एप्रिलमध्ये, आणि पारशांनी त्याच वर्षी जानेवारीत व्हर्ननच्या इंग्लिश टीमला हरवलं होतं! गोऱ्यांच्या पोलोचे घोडे मैदान उकरून टाकतात, आम्हाला खेळता येत नाही, असा अर्ज आपल्या लोकांनी त्याच्याकडे केला, तो त्याने फेटाळला. पुढे समुद्राकाठी जिमखान्यांना जागा दिल्या, ते खरं आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण मैदानाचा तो निकाल मला अजून डाचतो.

माणूस हट्टी होता. 1879 ला सिडनीत रनआउटवरून लोक मैदानात घुसले, त्याला काठीचा तडाखा बसला, तरी मॅच हातची जाऊ नये म्हणून हा मैदान सोडेना.

ऑक्सफर्डला 'हॅरिसचं मैदान' म्हणून युनिव्हर्सिटी पार्क्सला जाणार असाल तर तो दिवस वाचवा. तो युनिव्हर्सिटीकडून 1871 ते 74 मध्ये खेळला, पार्क्सवर टीमच्या मॅचेस 1881 पासून. माझा अख्खा दिवस गेला. त्यापेक्षा लॉर्ड्स करा, केंब्रिजविरुद्धची मॅच तो तिथेच खेळला आणि पॅव्हेलियनमागे त्याच्या नावाची बाग आहे. त्याच्या केंट काउंटीचं कँटरबरीचं मैदानही मस्त आहे, रस्ता सोपा.

बेलमाँट मात्र बघाच. टिपूचं श्रीरंगपट्टण घेणाऱ्या जनरल हॅरिसने, म्हणजे याच्या पणजोबांनी, 1801 मध्ये घेतलेलं घर, आणि हा 1932 मध्ये गेला तोही इथेच. याच्या मुलाने जमवलेली तीनशेच्या वर घड्याळं आहेत. तासाचा ठोका पडायची वेळ झाली की आधी एक वाजतं, मग शेजारच्या खोलीतलं, मग जिन्याजवळचं, एकही दुसऱ्याशी जुळत नाही, आणि ओले मोजे घालून मी तिथे हललोच नाही.

घर ठरावीक दिवशीच आणि गाईडबरोबरच बघता येतं, वार बघून मगच तिकीट काढा. येताना टॅक्सीवाल्याने 25 पौंड घेतले, मी दमलेला दिसत होतो म्हणून, दुसरं काही कारण नाही. दोन्ही वेळची टॅक्सी स्टेशनवरच ठरवा आणि पैसे आधी बोलून घ्या.