एकतीस सीड्या आणि अडीच हजारांचा प्लेअर

आमच्या मंडळाच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात नाटकांच्या सीड्या आहेत. ‘सीड्या’ हे आपलं बोलायचं. खरं तर त्यात व्हीसीडी आहेत, डीव्हीडी आहेत, आणि तीन तर अगदी इवल्याशा, चहाच्या बशीपेक्षाही लहान. आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. जत्रेला दरवर्षी नाटक होतंच, आणि २००४ पासून पुढची दहा-बारा वर्षं कुणी ना कुणी त्याचं शूटिंग करून ठेवलं होतं. यंदा जत्रेत जुन्या नाटकांतले तुकडे पडद्यावर दाखवायचे, असं बैठकीत ठरलं. ठरवणारे घरी गेले. डबा माझ्याकडे आला, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे.

लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते हल्ली, हे कुणी विचारात घेतलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुतण्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. पहिलीच डिस्क घातल्यावर तो दोन मिनिटं घरघरला आणि लॅपटॉपसकट गोठला. दुसरी अर्ध्यावर अडकली. संध्याकाळपर्यंत हिशेब असा, की निम्म्याहून जास्त डिस्क त्याला नकोच होत्या. मग साखळी गावातला आमचा लाइट-साउंडवाला म्हणाला, ‘‘कॉम्प्युटरचा नाद सोड. घरातला साधा प्लेअर घे. स्वस्तातला घे, महागाचा नको.’’ मला वाटलं, मंडळाचे पैसे वाचवायला सांगतोय. कारण वेगळं होतं. कॉम्प्युटरला डिस्कवरची माहिती जशीच्या तशी हवी असते, एखादी जागा वाचता आली नाही की तो तिथेच परत परत डोकं आपटत बसतो. प्लेअरला फक्त चित्र पुढे न्यायचं असतं. चौकोन पडले तर पडू दे, एक वाक्य गेलं तर जाऊ दे, तो पुढे सरकतो. आणि त्याच्या मते स्वस्तातले प्लेअर या बाबतीत जास्त निर्लज्ज. त्याने मांडवात दोन्ही वापरलेत, तेव्हा मी वाद घातला नाही.

तरी घेण्याआधी चार लोकांना विचारावं म्हणून गावात ज्यांच्याकडे प्लेअर आहे त्यांच्याकडे फिरलो. ऑगस्टचा महिना, पाऊस धरून, त्यामुळे प्रत्येक घरी चहा झाला.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंकडचा प्लेअर पंधरा वर्षांपूर्वीचा. ‘‘अरे, एकदा बिघडला नाही,’’ बाई म्हणाल्या. खरंच बिघडला नव्हता. पण बाईंकडे सगळ्या विकतच्या, छापील डिस्क. प्रत्येक आपापल्या खोक्यात, वर्गवारीने. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा बाईंनी पेन्शनच्या आधीच कपाट भरून घेतलं होतं. अशा डिस्क कुठलाही प्लेअर वाचतो. घरी बर्न केलेल्या, डब्यात एकावर एक घासलेल्या आमच्या मालाबद्दल बाईंचा प्लेअर काहीच सांगत नव्हता. माझी एक डिस्क लावून बघू का, असं विचारल्यावर बाईंनी डिस्क हातात घेतली, उलटी केली, आणि ‘‘ही माझ्या मशीनमध्ये जाणार नाही’’ म्हणून परत दिली.

पुढच्या आळीतल्या भाऊंचं मत अगदी उलटं. ‘‘भंगार! पैसे पाण्यात.’’ त्यांचा मुलगा दुबईहून सिनेमांच्या डिस्क आणतो आणि त्यातली एकही चालत नाही. मी एक खोकं हातात घेतलं. मागे पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह, त्यात २ चा आकडा. सिनेमांच्या डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत; आखाती देश विभाग २ मध्ये येतात, भारत ५ मध्ये. प्लेअर ५ चा असेल तर तो २ ची डिस्क मुद्दाम नाकारतो. बिचारा नियमाने वागत होता. बऱ्याच साध्या प्लेअरमध्ये रिमोटवर आकडे दाबून हे कुलूप काढता येतं, पण आकडे मॉडेलगणिक वेगळे. भाऊंना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हणजे भंगारच ना?’’

घरी काढलेल्या चित्रणाला विभागबिभाग नसतो, त्यामुळे ती काळजी मला नव्हती.

तिसरा आमच्या भजनी मंडळातला पखवाजवाला. त्याचं मत: ‘‘एकदम मस्त.’’ काय काय लावतोस विचारलं, तर पेनड्राइव्हवरची भजनं आणि एक-दोन सीडी. डीव्हीडी? ‘‘ती लावायची कशाला?’’ मी आमच्यातली एक लावून बघितली. ‘नो डिस्क’. दुसरी, तेच. बाईंनी दिलेली नवीकोरी कार्टूनची, तीही ‘नो डिस्क’. भजनाची सीडी मात्र खणखणीत वाजली. यात जादू नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा, आणि प्लेअरमध्ये दोन्ही असतात. त्याचा दुसरा मेला होता. किती दिवसांपूर्वी, त्याचा त्यालाच पत्ता नाही. मी सांगितलं तर म्हणाला, ‘‘असू दे रे, मला काय करायचंय.’’

ऑनलाइन दुकानातली मतंही वाचली. पाच तारे: सामान लवकर आलं. एक तारा: एचडीएमआयची केबल दिली नाही. पाच तारे: अजून लावून बघितला नाही, पण डबा छान आहे. शंभरेक मतांत एक माणूस असा, ज्याने खरोखर वापरला होता. तीन तारे. लिहिलं होतं, ओरखडे पडलेल्या जुन्या डिस्क वाचतो, ट्रेचा आवाज मोठा, तासाभराने गरम होतो, फोनवरचे व्हिडिओ पेनड्राइव्हवरून चालत नाहीत. मला हवं ते पहिल्याच वाक्यात होतं. बाकीच्या तक्रारी मला चालण्यासारख्या होत्या. त्या तीन ताऱ्यांवर मी तो घेतला. २४५० रुपये. घेताना एवढंच बघितलं की मागे एचडीएमआयही हवी आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी सोयही हवी. एचडीएमआय टीव्हीसाठी, आणि तीन पिनांतून लॅपटॉपला जोडायच्या कॅप्चरच्या चिमुकल्या यंत्रात चित्र घ्यायचं, म्हणजे ड्राइव्ह जे वाचत नाही ते प्लेअर वाचेल आणि लॅपटॉप नुसतं रेकॉर्ड करेल. तीन तासांच्या नाटकाला तीन तास लागतात, हा त्यातला तोटा.

प्लेअर आला, मंडळाच्या टीव्हीला लावला, ऐतिहासिक नाटक सुरू झालं आणि सगळे मावळे आडवे सुटलेले. महाराज तर दारातून आत येतील की नाही अशी शंका. जुनं चित्रण चारास तीन प्रमाणातलं, टीव्ही सोळास नऊ, आणि टीव्हीने ते ताणून दोन्ही कडांना चिकटवलं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ केलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मावळे काटक झाले. कोषाध्यक्षांना पट्ट्या आवडल्या नाहीत. ‘‘एवढा मोठा टीव्ही घेतला तो कशाला?’’

पहिल्या फेरीत एकतीसपैकी एकोणीस चालल्या. ट्रे उघडताना दार करकरावं तसा आवाज येई, त्या तीन तारेवाल्याने सांगितलाच होता.

उरलेल्यांना मी उजेडात धरून बघितलं. आपल्याकडच्या पावसाने चपला आणि पट्टे पांढरे होतात तेच इथे झालं होतं. डिस्कच्या खालच्या अंगावर बुरशीची नक्षी, कडेकडेने धुरकट पट्टा. काकूच्या मोरीत कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. बोटाच्या मऊ टोकाने मधून कडेकडे पुसायचं, गोल गोल फिरवून नाही, कारण गोल ओरखडा वाचनाच्या वाटेवरच लांबवर जातो, आडवा असला तर लेसर तो ओलांडून जातो. धुतलेल्या डिस्क ताटांच्या जाळीत उभ्या करून ठेवल्या. काकू स्वयंपाकघरात आली, जाळीकडे बघितलं, काही न बोलता आपली ताटं उचलून दुसरीकडे नेली. सुती पंच्याने टिपून, पंख्याखाली वाळवून पुन्हा लावल्या. आणखी पाच चालल्या.

दोन मात्र कशानेच येईनात, आणि दोन्ही सीडी होत्या. खालून लख्ख, एक ओरखडा नाही. वरून कुणीतरी हौसेने गणपतीच्या चित्राचा कागदी स्टिकर लावला होता, दमटपणाने त्याचे फुगे आले होते, आणि कधीतरी तो ओढून काढायचा प्रयत्न झाला होता. स्टिकरबरोबर चांदीचा मुलामाही निघाला होता. डिस्कमधून पलीकडची खिडकी दिसत होती. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, लाखेसारख्या पातळ लेपाखाली असतो. आपण खालची बाजू जपतो आणि वर बॉलपेनने नाव कोरतो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये, ०.६ मिलिमीटर आत असतो, म्हणून ती वरून जरा तरी सोसते. तिसरी एक डीव्हीडी उन्हाने वाकली होती. या तिन्हींवर मी पाणी सोडलं.

इवल्याशा तीन डिस्कची कथा निराळी. आठ सेंटिमीटरच्या, १.४ जीबीच्या. एके काळी हँडीकॅममध्ये सरळ याच जात. ट्रेच्या आतल्या लहान खोबणीत त्या बरोबर बसल्या, फिरल्या आणि ‘नो डिस्क’. धुण्याचा काही संबंध नव्हता, आरशासारख्या होत्या. शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ करावं लागतं, ते कुणी केलं नव्हतं. तोवर डिस्कची अनुक्रमणिकाच लिहिली जात नाही आणि दुसऱ्या यंत्राला त्यात काही असल्याचं कळतच नाही. ज्याने शूटिंग केलं तो फोटोग्राफर साखळीला. त्याने माळ्यावरून कॅमेरा काढला. बॅटरी फुगून मेलेली, पण चार्जरच्या वायरवर कॅमेरा चालू झाला. प्रत्येक डिस्कला काही मिनिटं लागली. मधे वीज गेली असती तर, या विचाराने मी दारातच उभा होतो. ऑगस्टमध्ये आमच्याकडे विजेचा भरवसा कोण देणार? तिन्ही झाल्या. पैसे विचारले तर फोटोग्राफर म्हणाला, ‘‘तेव्हाचेच अजून यायचे आहेत मंडळाकडून.’’ मी कोषाध्यक्षांचा नंबर दिला.

राहिली एक. २००४ च्या नाटकाचा दुसरा भाग. पहिला आणि तिसरा चालत होता, मधलाच नाही. ही व्हीसीडी, म्हणजे सीडीच, ३५२ गुणिले २८८ चं चित्र, तोंडं ओळखू येतील न येतील असं. आमच्या नव्या प्लेअरने चार वेळा नाकारली. लॅपटॉपच्या ड्राइव्हने तर तिला हात लावला नाही. मग पखवाजवाल्याची आठवण झाली. त्याच्या प्लेअरचा डीव्हीडीचा लेसर मेलाय, सीडीचा नाही. आणि ही सीडी.

रात्री जेवणं झाल्यावर त्याच्याकडे गेलो, तीन पिनांची वायर आणि लॅपटॉप घेऊन. ट्रे आत गेला, जरा वेळ कुरकुर, आणि चालली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘सांगितलं होतं ना, एकदम मस्त?’’

अर्ध्या तासाने पडद्यावर काळोख झाला. मला वाटलं गेली. पण आवाज येत होता. त्या रात्री नाटक चालू असताना वीज गेली होती, आणि शूटिंग करणाऱ्याने कॅमेरा बंद केला नव्हता. बॅटरीवर चालणारा मांडवातला माइक तेवढा चालू होता. काळोखात प्रॉम्प्टर अजून वाक्य सांगतोय, कुणी बाई मुलाला हाक मारतेय, मागून कोणीतरी जनरेटरवाल्याचा उद्धार करतोय. मग पेटी वाजायला लागली. पेटीवाल्याने सरळ अभंग धरला, पाठोपाठ पखवाज आला, आणि सगळा मांडव गायला लागला. तीन-चार मिनिटं तेच. मग उजेड आला, राजा सिंहासनावर बसायच्या ऐवजी पेटीशेजारी मांडी घालून बसलेला, तो धडपडत उठला.

पखवाजवाला टीव्हीच्या अगदी जवळ सरकला होता. ‘‘मागे घे.’’ घेतलं. ‘‘परत.’’ तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाला, ‘‘हा मीच. लय पळतेय बघ. वीस वर्षांपूर्वी फार घाई असायची मला.’’

मी वायरी गुंडाळायला लागलो.

‘‘एवढं माझ्या पेनड्राइव्हवर घालून दे,’’ तो म्हणाला. त्याच्या प्लेअरला पेनड्राइव्हवरून व्हिडिओचे बरेच प्रकार चालत नाहीत, कुठला चालेल बघावं लागेल, असं मी सांगायला लागलो, तर त्याने हात हलवला.

‘‘नुसतं गाणं दे रे. तसाही काळोखच आहे.’’