ढकलून का देत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून

पाण्याची भीती बसलेल्यांना मी तलावात पोहायला शिकवते. त्यांना सरळ पाण्यात ढकलून का देत नाही, हा प्रश्न विचारतात ते काठावरच्या खुर्चीत बसलेले. पाण्यात शिडी धरून उभं असलेलं माणूस कधीच विचारत नाही. नवरे विचारतात, आया विचारतात, आजोबा तर हमखास: "आम्हांला पाठीला डबा बांधून विहिरीत टाकलं, शिकलोच ना? तुम्ही पंधरा-पंधरा दिवस शिडीपाशी काय करता?"

शिकलात, मान्य. पण तुम्ही त्याआधी बुडाला नव्हतात. ज्याला पोहता येत नाही तो एक, आणि ज्याच्या नाकातोंडात एकदा समुद्र जाऊन आलाय तो दुसरा. या दुसऱ्याला ढकललंत तर तो पोहायला शिकत नाही, जुना धडाच पुन्हा गिरवतो.

आता शिडीपाशी काय करतो ते सांगते. कमरेइतकं पाणी, त्याहून खोल नाही. घाबरलेलं माणूस पाण्यात श्वास रोखून धरतं. वर आल्यावर आधी तो सोडायचा असतो आणि लगेच नवा घ्यायचाही असतो. दोन्ही एका क्षणात जमत नाही, जीव घुसमटतो आणि त्याला वाटतं, बुडालो. म्हणून पहिले दोन दिवस फक्त तोंड पाण्यात घालून "हंऽऽ" करत हवा सोडायची. हुंकार भरताना हवा नाकावाटे बाहेर येते, त्यामुळे नाकात पाणी शिरत नाही. तीन सेकंद, दहा वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती. मग पाठीवर तरंगणं. पण त्याच्याही आधी तरंगताना उभं राहायला शिकवते. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीकडे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचं, पाय आपोआप तळाला लागतात. हे न शिकवता नुसतं तरंगवलं तर माणूस पाठीवर पडून लाकडासारखं ताठ होतं, आणि ताठ माणसाचं कंबरडं आधी खाली जातं.

दर पायरीला एक प्रश्न: "हात सोडला तर काय होईल?" उत्तर बहुतेक वेळा "लगेच खाली जाईन" असंच येतं. मग हात सोडून मी मोठ्याने तीन आकडे मोजते. होईल असं वाटलं होतं ते आणि झालं ते, दोन्ही त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. माझा हात मात्र वेळेवर काढावा लागतो. आधी पूर्ण पंजा, मग दोन बोटं, मग हातभर अंतर. नाहीतर शरीर सगळं श्रेय माझ्या हाताला देतं आणि मी रजेवर गेले की भीती परत हजर.

एवढं सगळं माहीत असून मी काय केलं, तेही ऐका.

फोंड्याकडच्या एक काकी होत्या. एका किनाऱ्यावर ओढीत, म्हणजे आत समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहात, सापडून वाचल्या होत्या. तलावात अकरा दिवसांत छान तरंगू लागल्या. जानेवारीतल्या एका सकाळी त्यांना गोव्यातल्या पाळोळेच्या समुद्रावर घेऊन गेले. खाडीसारखा वळलेला किनारा, लाट लहान, उतार सौम्य. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅमच्या आसपास मीठ, म्हणजे तलावापेक्षा इथे तरंगणं सोपं, हेही मी रुबाबात सांगून टाकलं. घोट्यापर्यंत ठीक. गुडघ्यापर्यंत ठीक. मांडीपर्यंत आल्यावर लाट परतली आणि काकी म्हणाल्या, "वाळू जातेय गो."

मी म्हटलं, "अजून एक पाऊल, काकी."

दुसरी लाट परतताना त्यांनी टाचा घट्ट रोवल्या. परतीचं पाणी पायाला वळसा घालताना वेग घेतं आणि नेमकी टाचेखालचीच वाळू उकरून नेतं. त्या मागे कलंडल्या, गुडघ्यांवर आल्या, तोंडावर फेस. पाणी मांडीइतकंच होतं. पण त्यांनी माझं मनगट असं धरलं की नखांच्या खुणा दोन दिवस होत्या. मग किनाऱ्यावर बसून त्या रडल्या नाहीत, नुसत्या पाय पुसत राहिल्या. बोटांमधली वाळू एकेक काढत.

अकरा दिवस मी नाक, तोंड, श्वास यांच्यावर काम करत होते. त्यांच्या शरीराने लक्षात ठेवली होती ती पायाखालून सरकणारी वाळू, आणि तलावाच्या फरशीला वाळू नसते. मी विचारलंच नव्हतं. भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव बसतो, आणि जागा बदलली की जुना पुढे सरसावतो. हे पुस्तकी ज्ञान माझ्याकडे तेव्हाही होतं. तरी "एक पाऊल" तोंडातून गेलंच. ढकलणं आणि ते यांत फरक किती, तुम्हीच ठरवा.

आठ दिवसांनी त्या स्वतःहून आल्या. त्या दिवशी घोट्याच्या वर गेलोच नाही. लाट परतताना पाय रोवायचे नाहीत. उचलून जागा बदलायची, गुडघे सैल, पाण्याला कूस देऊन उभं राहायचं. वीस मिनिटं फक्त वाळू जाऊ द्यायची. मोजून चाळीस लाटा.

आणि हो, प्रत्येक भीती चुकीची नसते. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायला मी कुणालाच सांगत नाही. लाल बावटा म्हणजे नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्येच उतरायचं, तेही जीवरक्षक असतील तेव्हा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर ओढ बहुधा तिथेच असते. नवखे नेमके तीच जागा निवडतात. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगा, हात वर करा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा आणि लाटा फुटतात तिथून आत या. हे काकींना तेव्हा माहीत नव्हतं, आता पाठ आहे. त्याने भीती कमी झाली का? त्या म्हणतात, वाढली, पण आता तिला पत्ता आहे.

त्यांचे यजमान परवा भेटले. "कमरेपुढे अजून जात नाही हो ती. एकदा ढकलून..." मी त्यांना घोटाभर पाण्यात उभं केलं आणि लाटा मोजायला सांगितल्या. सतरापर्यंत मोजल्या त्यांनी, मग चहा प्यायला गेले.