सोलापुरात भरदुपारी बर्फ

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते, म्हणजे जानेवारी, पहाटे अंगावर काटा आणि दुपारी परत आपलं सोलापूरचं ऊन. होटगी रोडकडच्या एका फिजिओथेरपी सेंटरवरून फोन आला की इनडोअर पूलचं पाणी तापवणारा हीट पंप रात्रंदिवस चालतोय पण पाणी २६ डिग्रीच्या वर सरकेना. मी एसी-रेफ्रिजरेशनची कामं करतो, पूलचा हीट पंप आमच्याकडे क्वचित येतो, त्यामुळे बाकी सगळं मागं टाकून गेलो.

डॉक्टर मॅडम पार वैतागलेल्या. हा काही पोहायचा पूल नाही, गुडघे बदललेली, लकवा मारलेली माणसं इथं पाण्यात उभं राहून व्यायाम करतात, त्यांना ३२-३३ डिग्री पाणी लागतं. पोहणारा हातपाय मारतो, त्याला २६-२७ चालून जातं, पण ज्याला एक पाय उचलायलाच मिनिट लागतं त्याला तेच पाणी गारठवतं. एक आजी पायरीवर बसून पाऊल पाण्यात घालत होत्या आणि लगेच काढत होत्या. "लई गार हाय रे बाळा," एवढंच म्हणाल्या.

आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकनं गॅस कमी आहे म्हणून गॅस भरला होता, फरक शून्य. मग कुणीतरी सल्ला दिला की मशीन काढून टाका, २४ किलोवॅटचे हीटर बसवा, आणि मॅडम महावितरणकडे लोड वाढवून घ्यायच्या तयारीत होत्या. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. हीटर एक युनिट खातो आणि एक युनिटच उष्णता देतो, हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो, आपल्याकडच्या हवेत एका युनिटला चार-पाच युनिट सहज मिळतात. हा पूल ६० हजार लिटरचा, तो एक डिग्रीनं चढवायला ७० युनिट उष्णता लागते, म्हणजे चांगल्या चाललेल्या पंपाला साधारण १४-१५ युनिट वीज आणि हीटरला पुरे ७०. दर डिग्रीला एवढा फरक!

मशीन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. वॉचमन काकांनी कुलूप काढलं, दार उघडलं आणि थंड हवेचा लोट अंगावर आला. बाहेर २८ डिग्री, आत ११. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे हवेतली उष्णता ओढून घेणाऱ्या कॉईलवर पांढराशुभ्र बर्फ, नख लावलं की सोलून निघत होता, सोलापुरात, दुपारी दोन वाजता! गेज लावला तर सक्शन, म्हणजे कॉईलकडून परत येणाऱ्या गॅसचा दाब, ८४ पीएसआय. या मशीनमधल्या आर-४१०ए गॅसला याचा अर्थ तो शून्याखाली पाच डिग्रीला उकळतोय. नुसता हा आकडा बघितला तर कुणीही म्हणेल गॅस कमी आहे. पण कॉईलला गरम हवाच मिळत नसेल तरी सक्शन असंच पडतं, आणि इथं तेच चाललं होतं. आवाज नको, तांब्याची चोरी नको म्हणून शेड चहूबाजूंनी बंद केलेली, फॅन थंड हवा आतच फेकतोय आणि तीच परत ओढतोय. विहीर आटलीय आणि मोटर चालूच, असा प्रकार.

मागचे दोन पत्रे तिथल्या तिथं काढले, दार सताड उघडं ठेवलं. बर्फ वितळून गेल्यावर आतला सगळा गॅस काढून घेतला, व्हॅक्युम मारून पाईप रिकामे केले आणि मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच काट्यावर तोलून भरला. आधी मशीनमध्ये जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्यात पाऊण डिग्रीचाही फरक नव्हता, आता दोन डिग्री दिसायला लागला. मॅडमना पाईपला हात लावून बघा म्हटलं.

त्यांनी चांगला प्रश्न विचारला, पूल हॉलची हवा गरम असते मग मशीन तिथंच का नाही ठेवायचं? साधं मशीन तिथं ठेवलं तर क्लोरीनची दमट हवा कॉईल खाऊन टाकते, आणि हॉल गार पडला की पाण्याबाहेर आलेला पेशंट कुडकुडतो. हॉलची हवा पाण्यापेक्षा एक-दोन डिग्री जास्तच पाहिजे, नाहीतर पाणी वाफ होऊन आणखी जोरात उडतं. पूलची सगळ्यात जास्त उष्णता या उडण्यातच जाते, एक लिटर पाणी उडालं की जवळपास ०.६७ युनिट उष्णता गेली. काचांवरून पाणी ओघळत होतं, कोपऱ्यातला रंग सुटलेला, आणि हे उडणं थांबवायला पूलवर पसरायचं कव्हर मात्र गुंडाळून भिंतीला टेकवलेलं, कारण ते ओढायला दोन माणसं लागतात आणि रात्री एकटे काकाच असतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात टँकरचं पाणी गरम करायचं आणि रात्रभर हवेत सोडायचं, हे मला बघवेना.

दोन दिवसांत पाणी ३१ वर आलं. शेडला आता मागून लोखंडी जाळी आहे आणि फॅनची थंड हवा डक्टनं थेट बाहेर जाते. कव्हरला हँडलचा रोलर करायला फॅब्रिकेटरला माप दिलंय, काकांना एकट्याला फिरवता यावा एवढा हलका कर म्हणून बजावून सांगितलंय.