सायकल हातात धरून

दाभोळच्या जेट्टीवर दुसरा चहा घेतला नसता तर हे काहीच झालं नसतं. दुसऱ्या चहाबरोबर कांदाभजी आली, भज्यांच्या नादात एक फेरी सुटली, आणि वाशिष्ठी ओलांडून पलीकडे धोपाव्याला उतरले तेव्हा ऊन टाळूवर आलं होतं. मार्चचा शेवट. फेरीतून उतरलेल्या गाड्या एकेक करत वळणाआड गेल्या. मागे राहिले मी, सायकल आणि चढ.

धोपाव्याहून गुहागरला जायचं तर आधी सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, चढावा लागतो. कोकणात सगळीकडे हेच. खाडीपाशी खाली यायचं, पलीकडे गेलं की पुन्हा सडा, सड्यावरून पुन्हा पुढची खाडी. नकाशात किनारा कसा सरळ दिसतो. मांड्यांना तो करवतीसारखा कळतो.

मी सगळ्यात हलक्या गिअरवर आले. पुढच्या चक्राला 34 दात, मागच्यालाही 34. पायडलचा एक फेरा मारावा तेव्हा चाकाचाही एकच फेरा होतो आणि आपण दोन मीटरच्या जरासं पुढे सरकतो. याच्याखाली गिअर नाही. याच्याखाली फक्त गुहागरचा देव व्याडेश्वर. हँडलवरच्या मीटरमध्ये वेग ताशी 5 दिसत होता. अशा वेळी मी मीटरवर पडलेला घाम पुसत नाही.

"गो बाय, उतर की खाली. चालत लवकर पोचशील."

बाजूला एक आजी. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. काष्ट्याचं लुगडं, पायात रबरी स्लीपर, डोक्यावर टॉवेलची चुंबळ आणि चुंबळीवर पिशवी. त्या पुढून आल्या असत्या तर एवढं लागलं नसतं. त्या मागून आल्या होत्या.

"नको आजी, जमतंय."

"हां. दिसतंय."

आणि माझ्या शेजारून, माझ्याच वेगाने, न धापता चालू लागल्या. मला आपादमस्तक पाहून झालं. हेल्मेट, काळा चश्मा, बोटं कापलेले हातमोजे, आणि ती पॅडवाली चड्डी, जिच्याबद्दल आमच्या घरात आजवर कुणी उघडपणे बोललेलं नाही. "मोजणीला आलीस काय?" त्यांनी विचारलं. या भागाने मोजणीवाले बरेच पाहिलेत. दाभोळचं नाव घेऊन वीजप्रकल्प आला तोही खाडीच्या या बाजूला, अंजनवेललाच. तेव्हा डोक्यावर टोपडं घालून उन्हात हिंडणारं माणूस दुसरं कोण असणार?

आता खरं तर उतरायला काय हरकत होती? पण आमच्यात चढाला उतरत नाहीत. 'आमच्यात' म्हणजे सायकलवाल्यांत. ती एक जातच आहे. तिच्यात विटाळ एकच, पाय टेकणं. रविवारी घाट करून आलेला माणूस भेटला की तो किती वाजता पोचला, वाटेत काय खाल्लं, हे नंतर. आधी विचारायचं, "पाय टेकवला का रे?" टेकवला असेल तर तो एकदम टायरमधल्या हवेबद्दल बोलायला लागतो.

माझा पुतण्या या जातीतला कर्मठ. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत अशा बीआरएम, म्हणजे वेळेचं बंधन असलेल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो आणि त्यांचं पदक आपण सहज विचारावं अशा जागी टांगतो. त्याला मी एकदा लापीझचा फोटो दाखवला होता. टूर द फ्रान्स 1910 साली पहिल्यांदा पिरेनीजमधल्या उंच घाटांतून नेली. ती शर्यत जिंकली ऑक्ताव्ह लापीझने, आणि तूर्मालेच्या कच्च्या रस्त्यावर हाच गडी खाली उतरून सायकल ढकलत चालला आहे, असा तो फोटो. संयोजकांना तो त्या दिवशी खुनी म्हणाला. चढाला सायकल मारता मारता गिअर बदलायची सोय, म्हणजे आजचं डिरेलर, त्या शर्यतीत चालू दिलं गेलं 1937 साली. मी म्हटलं, बघ, जिंकणारा माणूससुद्धा उतरला होता. पुतण्या म्हणाला, "आत्या, ते 1910 साल होतं."

त्यात माझे बूट. तळव्याला एक पट्टी असते, ती पायडलमध्ये खट्कन बसते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. या प्रकाराला म्हणतात क्लिपलेस. पूर्वीच्या पायडलांना पंजा अडकवायच्या क्लिपा आणि चामडी पट्टे असत, ते गेले, म्हणून क्लिपलेस. पाय मात्र पूर्वीपेक्षा जास्त घट्ट अडकतो. नवे बूट घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात हर्णैच्या बंदरात, ऐन मासळीच्या लिलावाच्या गर्दीत मी थांबले. सायकल थांबली, मीही थांबले, टाच फिरवायची राहिली. उभ्याची आडवी झाले. पुढ्यात सुरमया, मागे पापलेटं, मध्ये मी. एका मावशीने पाटी बाजूला ठेवून विचारलं, "लागलं काय गो?" आणि मग पदर तोंडाला लावून हसली. आधी विचारलं आणि मग हसली, हा क्रम मी तिच्या पुण्याईत धरलेला आहे.

उतरण्याशी माझं वाकडं तसं जुनंच.

मी सायकल शिकले गुहागरच्या वाळूवर, बाबांच्या 24 इंची काळ्या सायकलवर. ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते, पडलं तरी फारसं खरचटत नाही, आणि समोरून एसटी येत नाही. वेळ बाबा तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणून माझी शिकवणी पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे, संध्याकाळी पाच-साडेपाचला. उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीही लांबवर गेलेली, वाळू हवी तेवढी. अष्टमीला ओहोटी भरदुपारी, शिवाय भांगाची, म्हणजे पाणी फारसं मागे न हटणारी. त्या दिवशी सायकल मागायचीच नाही. पाऊणकी मला शेवटपर्यंत पाठ झाली नाही, पण कालनिर्णयमध्ये अष्टमी कुठे आहे ते न बघता सांगायची. शिकवणी संपली की घरी येऊन सायकलला गोड्या पाण्याची अंघोळ आणि साखळीला खोबरेल. तेवढं करूनही ती गंजलीच. खाऱ्या वाऱ्यापुढे खोबरेल काय करणार? पण सायकल जवळून गेली की वडी थापल्यासारखा वास यायचा.

नळीखालून पाय घालून अर्धं पायडल चार दिवसांत जमलं. पुढच्या सुट्टीत नळीवरून मारायला लागले आणि पंचाईत झाली. पाय जमिनीला पोचेना. चढायचं ओटीच्या पायरीवरून, ते ठीक. उतरायचं कुठे? मग मी गडग्याच्या शोधात हिंडायची. जांभ्याचा, कमरेएवढा, आपल्या डाव्या हाताला येणारा गडगा पाहायचा, त्याला घसटत जायचं, गुडघा टेकायचा, थांबायचं. आमच्या घराचा गडगा येताना उजव्या बाजूला. त्यामुळे घर आलं तरी मला थांबता येत नसे. पुढे जाऊन, वळून, परत यायचं. वळायला जागा मिळाली नाही म्हणून एकदा असगोलीच्या रस्त्याला लागले होते. आजी ओटीवरून ओरडत होती, "अगो, उतर! उतर!" आणि मी तिच्यासमोरून तिसऱ्यांदा गेले.

बाबांचं उतरणं बघण्यासारखं होतं. सायकल अजून चालतेच आहे, उजवा पाय मागून कॅरिअरवरून अलगद इकडे, क्षणभर डाव्या पायडलवर नुसते उभे, आणि मग चार पावलं सायकलबरोबर चालत. सायकल कधी थांबली हे कळत नसे. आणि ते कुणासाठीही उतरत. हेडमास्तर समोरून आले, उतरले. गावातलं वडीलधारं कुणी दिसलं, उतरले. शिमग्याची पालखी, प्रेतयात्रा, घाबरलेलं वासरू. विद्यार्थी त्यांना बघून उतरायचे तर हेही उतरायचे, मग दोघे आपापल्या सायकली धरून समोरासमोर उभे.

शाळा होती सड्यावर. गिअर नसलेली वीसेक किलोची सायकल, पायडलच्या एका फेऱ्याला पाच मीटरच्या वर जाणारी, ती चढाला कोण मारणार? कुणीच मारत नसे. घाटी आली की मास्तर उतरत, पोस्टमन उतरे, पाववाला उतरे, सगळे सायकल हातात धरून चालत. त्यात कुणाला काही वाटत नसे. सकाळच्या शाळेला मी बाबांबरोबर असायची. ते सायकलच्या डाव्या बाजूला, मी उजव्या, एक हात कॅरिअरवर. ढकलण्यासाठी ठेवलेला, प्रत्यक्षात ओढून घेण्यासाठी. उजव्या पायाला क्लिप लावूनही बाबांच्या पँटला साखळीचं काळं लागलेलं असे. फ्रीव्हील वाजत राही. टिक् टिक् टिक्. त्या तालावर बाबा बोलत: पावकी, निमकी, संस्कृत श्लोक, गावातली भांडणं. टिकटिक थांबली की समजायचं, आता काहीतरी वेगळं आहे. आजीला मुंबईला न्यायचं आहे, हे मला त्या घाटीतच कळलं. टिकटिक थांबली. "मुंबईला न्यायला लागेल आजीला." मग पुन्हा टिक् टिक् टिक्.

पुढे पुढे बाबा लहान चढालाही उतरायला लागले. मग चढ सुरू व्हायच्या आधी. मग बाजारपेठेतल्या सपाट रस्त्यावर. शेवटची दोन वर्षं ते सायकलवर बसलेच नाहीत, पण सायकल घेतल्याशिवाय घराबाहेरही पडले नाहीत. हँडलवर दोन्ही हात, एका बाजूला पिशवी, टिकटिक करत व्याडेश्वरापर्यंत जायचे, तसेच परत यायचे. लोक विचारत, "काय मास्तर, पंक्चर?" ते "हो" म्हणत. मी एकदा म्हटलं, "बाबा, त्यापेक्षा काठी घ्या ना."

"काठीला घंटी असते का?" म्हणाले.

तर, धोपाव्याचा चढ. पुढच्या वळणावर मी टाच बाहेर फिरवली आणि उतरले. "आता कशी शहाणी झालीस," आजी म्हणाल्या आणि चुंबळीवरची पिशवी काढून माझ्या ब्रेकच्या दांडीला अडकवली. विचारलं वगैरे नाही. पिशवीत काजूच्या बिया. सायकल एकदम डावीकडे कलली.

"कॅरेज नाय?"

"नाही आजी."

"स्टँड?"

"नाही."

"घंटी?"

"नाही."

"मग घेतलीस कशाला?"

किंमत सांगायचा धीर झाला नाही. आमच्यात जितकं कमी असेल तितकी सायकल महाग, हे त्यांना कसं सांगणार? तळव्याच्या पट्ट्यांमुळे मी शेळीसारखी टक्टक् चालत होते आणि मागचं चाक किरकिरत होतं. नव्या सायकलींचं फ्रीव्हील टिकटिकत नाही, रातकिड्यासारखं किर्र करतं. "मोडलंय काय?" असंही विचारून झालं.

मग आजींनी बोलायला घेतलं. शिमग्याला मुलगा आला होता, परवाच विरारला गेला. पालखी घरी नाचली. विहिरीचं पाणी यंदा लवकर खाली गेलं. काजूला भाव नाही. भाव असतो तेव्हा माकडं असतात. मी हं हं करत होते, मागे किर्र चाललं होतं. मध्येच त्या थांबल्या. मी थांबले. आवाज थांबला.

"सून येत नाय आता," त्या म्हणाल्या.

खाली खाडीत फेरी परत दाभोळच्या बाजूला निघाली होती. जरा वेळाने आजी चालू लागल्या, मीही.

वर पोचल्यावर डाव्या हाताला एक पाखाडी खाली गेली होती. त्यांनी पिशवी काढून घेतली, चुंबळ नीट केली, "बस आता, सपाट हाय," म्हणाल्या आणि जांभ्याच्या पायऱ्या उतरून गेल्या. नाव विचारायचं राहिलं. त्यांनीही माझं विचारलं नाही. मोजणीवाली एवढ्यावरच त्यांचं भागलं असावं.

रात्री पुतण्याचा फोन. मी कुठून कुठे गेले, किती वेगाने, हे सगळं त्याला ॲपमध्ये घरबसल्या दिसतं.

"आत्या, धोपाव्याच्या चढावर 22 मिनिटं तुझा स्पीड 4 च्या खाली आहे. पंक्चर झालं होतं का?"

"हो," मी म्हटलं. "मागचं."